साखर तोडली, तरी ही गाठ उपाशी मरत नाही

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान घेऊन लातूर-नांदेडकडचा माणूस मुंबईच्या टाटातून किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून गावी येतो, तेव्हा घरात पहिली बंदी साखरेवर येते. चहा फिका होतो. गूळ मात्र बिनदिक्कत चालतो!

साखरेची भीती अगदीच निराधार नाही. बऱ्याच गाठी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, आणि नेहमीचा पेट स्कॅन त्यावरच त्या हुडकतो. प्रोस्टेटची तऱ्हा वेगळी. निरोगी प्रोस्टेटच्या पेशीत जस्त भरपूर साठतं. ते सायट्रेट जाळण्याची क्रिया अडवून धरतं, आणि साठलेलं सायट्रेट वीर्याच्या द्रवात उतरतं. पेशी बिघडली की जस्त घटतं, अडसर निघतो, आणि तेच सायट्रेट ती ऊर्जेसाठी नि चरबी तयार करण्यासाठी वापरू लागते. त्यामुळे सुरुवातीची गाठ ग्लुकोजवर फारशी विसंबत नाही आणि त्या स्कॅनमध्ये पुष्कळदा उठून दिसत नाही. म्हणून पीएसएमए या प्रथिनावर आधारलेला वेगळा पेट स्कॅन करतात. ग्लुकोजची ओढ वाढते ती बहुधा रोग बळावल्यावर.

मग झिंकच्या गोळ्या घ्याव्यात? मराठवाड्याच्या रानात जस्त कमी पडलं की झिंक सल्फेट टाकतात, पीक सुधारतं. इथे मात्र जस्त आत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुकच मंदावलेलं असतं. बाहेरून कितीही ओता. उलट, दिवसाला १०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांत बळावलेला प्रोस्टेट कॅन्सर जास्त आढळल्याचं २००३ साली एका अमेरिकी अभ्यासात दिसलं.

खरा हुकूम चालतो टेस्टोस्टेरॉनचा. ते पेशीतल्या अँड्रोजन रिसेप्टरला जोडलं जातं, आणि ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुकं चालू करते: वाढीची, चरबी बनवण्याची आणि रक्तात तपासतात त्या पीएसए या प्रथिनाचीही. म्हणून पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. प्रोस्टेट नुसतं सुजलं किंवा वाढलं तरी ते चढतं. आणि लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड चालू असेल, तर काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्म्यावर येतं. ही गोळी डॉक्टरांना सांगितली नाही, तर रिपोर्ट उगाच दिलासा देतो.

शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की टेस्टोस्टेरॉन बनवणारे अंडकोश काढले तर पसरलेला रोगही मागे हटतो. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यावरून ‘ज्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन जास्त, त्याला धोका जास्त’ असा अर्थ काढला जातो. रक्तातल्या पातळीवरून तसं काही सांगता येत नाही.

‘अंडकोश काढण्याचं ऑपरेशन झालं, विषय संपला’ हा समज जास्त महागात पडतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी पेशी वाट काढतात. रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात, हार्मोनशिवायही चालू राहणारे तोकडे रिसेप्टर तयार होतात, किंवा अधिवृक्क ग्रंथींकडून आलेल्या मालातून गाठ स्वतःच हार्मोन बनवते. अबिराटेरॉन ही गोळी हार्मोन बनवणारा तो मार्ग तोडते. त्यात शरीराचं कॉर्टिसॉलही घटतं, म्हणून सोबत प्रेडनिसोलोन देतात. ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून घरचे नेमकी तीच गोळी बंद करतात, आणि मग रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.