संगणक आपला, मुदत दुसऱ्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मायक्रोसॉफ्ट’ने आपल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली असे नव्हे. तिच्यात आढळणारी सुरक्षेची छिद्रे बुजविण्याची जबाबदारी कंपनीने सोडली. काहींना वाढीव मुदत मिळाली, पण ती मुदतच. ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. परिणामी ज्यांच्या पडद्याला, कळफलकाला वा डिस्कला काहीही झालेले नाही असे घरगुती संगणक निव्वळ वयाच्या दाखल्यावरून बाद ठरले. वस्तू विकत घेतली आपण, आणि तिचे आयुर्मान ठरविणार दुसराच, ही व्यवस्था आपण इतक्या निमूटपणे का स्वीकारावी?

न स्वीकारण्याचा मार्ग जुनाच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला. दोहोंच्या संयोगातून झालेली प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी, असा तिचा परवानाच सांगतो. इंग्रजीत याला ‘फ्री’ म्हणतात आणि त्या एका शब्दाने तिकडे बराच घोळ घातला आहे. आपल्याकडे सुदैवाने ‘मोफत’ निराळे आणि ‘मुक्त’ निराळे. ही प्रणाली बहुधा मोफत मिळते, पण तिचे खरे मोल मुक्त असण्यात आहे: एका संस्थेने सांभाळ सोडला, तरी दुसरी तो हाती घेऊ शकते.

घरच्या वापरासाठी ‘लिनक्स मिंट’ बरी. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावरही तिची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती चालते. ती पेन ड्राइव्हवर उतरवून, डिस्कला हात न लावता, संगणक त्यावरूनच सुरू करून पाहता येतो. वाय-फाय लागते का, प्रिंटर छापतो का, हे तेथेच कळते. त्यानंतर फोटो व कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी आणि मगच प्रणाली बसवावी. हा क्रम उलटला तर डिस्कवरचे सर्व पुसले जाण्याचा धोका असतो.

अडचणी नाहीत असे कोण म्हणेल? ‘टॅली’वर ज्यांचा व्यवसाय चालतो, त्यांनी या भानगडीत न पडणेच इष्ट. मराठी लेखकांची अडचण त्याहून खोल आहे. युनिकोडपूर्व काळातील ‘श्रीलिपी’सारख्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. पण याचा दोष लिनक्सला देता येत नाही. फाँट नसेल तर नव्या विंडोजवरही तेच घडते. असे हस्तलिखित ज्यांच्याकडे असेल, त्यांनी जुना संगणक चालू आहे तोवरच ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे. पुढे लिहिण्यास अडसर नाही; मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध असतो.

केरळच्या शाळांत मुले गेली अनेक वर्षे याच प्रणालीवर संगणक शिकत आहेत. आपल्याकडे मात्र दुरुस्तीच्या दुकानात संगणक नेला की न विचारता पुन्हा विंडोजच भरून मिळते, पुष्कळदा तीही परवान्याविना. ग्राहकाने काउंटरवरच लिनक्स मागावे. दोन-चारांनी मागितले, तर दुकानदारही शिकून घेईल.