‘सराव आवश्यक’, पण कसला?

दिवाळीच्या सुट्टीआधी गोराईतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी मुलाचं प्रगतीपुस्तक घेऊन वर आल्या. मुलगा चौथीत. "तू शिक्षणातच पीएचडी करतेस ना, मग हे मला जरा मराठीत सांग," म्हणाल्या. प्रगतीपुस्तक मराठीतच होतं.

गणितात ब-2. ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात: गणिती क्रिया समजून घेण्याचा प्रयत्न करतो. ‘सुधारणा आवश्यक’मध्ये: गणितात सराव आवश्यक. वहिनींचा प्रश्न एवढाच होता, की कसला सराव? दोन वर्षं मूल्यमापनावरचे पेपर वाचतेय, पण मलाही उत्तर देता येईना. मग म्हटलं, त्याची वही आणा.

वहीत हे गणित होतं: 503 वजा 267. उत्तर लिहिलं होतं 364. पुढची दोन-तीन गणितंही अशीच चुकलेली. पण 48 वजा 25 बरोबर. थोडं निरखून पाहिलं तर दिसतं, की मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, मग वर कुठला आहे आणि खाली कुठला याची फिकीर नाही. सातातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. बिनहातच्याची वजाबाकी त्यामुळे बरोबर येते आणि हातच्याची चुकते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये मुलांच्या अशा चुकांची पद्धतशीर मांडणी केली होती. त्यांचं म्हणणं असं, की बरीच मुलं धांदरटपणामुळे चुकत नाहीत. ती एक चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळत असतात. आता अशा मुलाकडून ‘सराव’ करून घेतला तर काय होईल? चुकीचा नियम पक्का होईल.

नोंद मोघम असल्याचं खरं नुकसान इथे आहे. पालक ती वाचून जे करतात (रोज वीस वजाबाक्या, नाहीतर सरळ क्लास), त्याने गोष्ट उलट दिशेला जाऊ शकते.

या नोंदी आल्या कुठून? शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलेलं होतं. त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी ते आलं. गुणांच्या जागी श्रेणी आली आणि सोबत वर्णनात्मक नोंदी. हेतू चांगलाच होता, मुलाला नुसत्या आकड्याने ओळखू नये हा. पण हिशोब करून बघा. वर्गात 40 मुलं आणि सात-आठ विषय धरले तर एका सत्रात तीनशेच्या आसपास नोंदी होतात. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, नंतर व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरू लागल्या. शिक्षकांना दोष द्यायला माझं मन होत नाही. मीही तेच केलं असतं.

तयार नोंद कुणालाही लागू पडते, आणि म्हणूनच ती खरी वाटते. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुमचं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच! वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. हा निबंध 1949 मध्ये छापला गेला. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाचून आपण मान डोलावतो, तेव्हा आपलंही तेच होतं. एक सोपी कसोटी आहे: हीच नोंद शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पुस्तकात लिहिली तर कुणाच्या लक्षात येईल का?

रॉइस सॅडलर यांनी 1989 मध्ये लिहिलेल्या निबंधानुसार, सुधारायचं तर शिकणाऱ्याला कुठे पोचायचंय ते माहीत हवं, आत्ता तो कुठे आहे ते कळायला हवं, आणि मधलं अंतर कमी करायला काहीतरी करता यायला हवं. ‘सराव आवश्यक’मध्ये यातलं एकही नाही. अंतर आहे, एवढंच कळतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आता समग्र प्रगतीपत्रक आणायचं ठरवलंय. त्यात मूल स्वतःचं मूल्यमापन करणार, वर्गमित्रही करणार. राष्ट्रीय पातळीवर तयार झालेल्या नमुन्यात लहान वर्गांसाठी पातळ्यांना ओढा, डोंगर, आकाश अशी नावं आहेत. नावं गोड आहेत, पण उद्या वहिनी विचारतील, "माझा मुलगा वजाबाकीत ओढा आहे म्हणजे काय गं?"

तर, वहिनी पालकसभेला गेल्या. मी त्यांना दोनच प्रश्न लिहून दिले होते: कुठल्या प्रकारच्या गणितात अडतो? आणि एखादं चुकलेलं गणित दाखवता का? बाईंनी पुस्तिका न उघडताच सांगितलं, "हातचा घेत नाही तो, आणि मध्ये शून्य आलं की पारच गोंधळतो." त्यांना सगळं माहीत होतं. रकान्यात एवढं मावत नाही, म्हणाल्या.

सध्या आमच्या जिन्यात रोज संध्याकाळी शंभराची खोटी नोट मोडून दहाच्या दहा नोटा केल्या जातात, आणि त्यातली एक मोडून दहा नाणी. 503 वजा 267 मंगळवारी बरोबर आलं, बुधवारी परत चुकलं.