काम सोपवावे, जबाबदारी राखावी

आपल्या जुन्या वाड्यांतून अंथरुणाला खिळलेले एखादे माणूस वर्षानुवर्षे असेच. त्याची शुश्रूषा एकटी गृहिणी करीत नसे. अंघोळ घालणारी एक, पेज भरवणारी दुसरी, रात्री उशाशी बसणारा तिसरा. मात्र कोणी काय करावयाचे हे एखादी आत्याबाई ठरवी आणि दिवेलागणीला हिशेबही तीच घेई. आता घरे लहान झाली, मुले परदेशी गेली, आणि वृद्धाश्रमाची गोष्ट आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतूनही उघडपणे बोलली जाऊ लागली. आपण तेथील इमारत पाहतो, जेवण पाहतो, डॉक्टरांचे नाव विचारतो. आत्याबाईंची जागा तेथे कोण चालवते, हे मात्र क्वचितच विचारतो.

ती जागा मुख्य परिचारिकेची. तीस-चाळीस वृद्धांचे सारे तिच्या दोन हातांनी होणे शक्य नाही. पुष्कळसे काम मावशींकडे आणि मामांकडे जाते, आणि जावेही. परंतु देण्याची एक रीत आहे. अमेरिकेतील परिचर्या मंडळांनी तिच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत: काम सोपवण्याजोगे आहे काय, रुग्णाची स्थिती तशी आहे काय, माणूस योग्य आहे काय, सूचना स्पष्ट आहे काय, आणि मागाहून देखरेख आहे काय.

‘आजींकडे लक्ष ठेवा’ ही सूचना नव्हे. ‘दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड, खुबे आणि टाचा पाहा, लाल डाग दाबूनही फिका होत नसेल तर मला तत्काळ हाक मारा’ ही सूचना होय. कूस बदलण्याचे काम मावशीचे. त्या डागाचा अर्थ लावणे परिचारिकेचे. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना घास भरवण्याचे काम मावशीला देता येते, पण त्यांना नीट गिळता येते की नाही, याची परीक्षा आधी व्हावयास हवी. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरणच या व्यवस्थेला दिले. आपण समोर नसतानाही आपले काम तसेच होत राहील अशी तजवीज करणे, हा त्याचा सारांश.

ही गरज केवळ शहरांतील आश्रमांचीच आहे असे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवारहून अणशीचा घाट चढून जोयड्याकडे जाताना कुंभारवाडा लागतो. उळवीला चन्नबसवण्णांच्या समाधीस जाणारे यात्रेकरू या गावावरून जातात. भोवताली दाट रान आणि त्यात विखुरलेल्या कुणब्यांच्या वस्त्या. येथे म्हातारपण सरते ते घरातच. सरकारी मापाने डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र. शिवाय २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावातलीच ‘आशा’ कार्यकर्ती. आषाढातल्या पावसात नर्सबाई प्रत्येक वस्तीवर रोज कशी पोहोचणार? ती आशाताईंना सांगते, आशाताई घरातल्या सुनेला. मावशीचे काम येथे सूनच करते. काय पाहायचे आणि कोणाला केव्हा कळवायचे, हे तिच्यापर्यंत पोहोचले नाही, तर सासऱ्यांच्या पाठीवरचा डाग जखम होईपर्यंत कोणाच्या ध्यानातच येत नाही.

माझ्या मते खरी मेख याहून पुढे आहे. मावशी किंवा सून डाग पाहते, पण सांगेलच असे नाही. सांगितल्यावर ‘आधी कुठे होतीस?’ असा दरडावणीचा प्रश्न एकदा आला की पुढच्या वेळी ती पांघरूण सरळ करून गप्प बसते. वाईट बातमी आणणारीला जी परिचारिका प्रथम ‘बरे झाले सांगितलेस’ म्हणते, तिच्याच हाताखाली म्हाताऱ्यांची कातडी शाबूत राहते. दोष कोणाचा, हे नंतर पाहता येते.

म्हणून आईवडिलांसाठी आश्रम पाहावयाचा झाल्यास सकाळी जाऊ नये. संध्याकाळी पाळी बदलताना जावे. मुख्य परिचारिका प्रत्येक वृद्धाचे नाव घेऊन रात्रीच्या मावशीला काही सांगते काय, जाणाऱ्या मावशीला काही विचारते काय, आणि मावशी न भिता उत्तर देते काय, एवढे ऐकावे. फरशी किती चकचकीत आहे, ते मग पाहिले तरी चालेल.