खतापासून पॉलिसीपर्यंत

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग त्या वेळी भीमथडीतच मोडत असे. पाहता पाहता हे लोण शिरूर तालुक्यात व शेजारच्या नगर जिल्ह्यात पोहोचले. जमावाला हवा होता तो कागद. खते व चोपड्या हाती आल्या की बहुतेक ठिकाणी कोणाच्या अंगाला हात न लावता तो परतत असे. लुटले गेलेले सावकार बहुतांशी मारवाडी व गुजर होते, त्यामुळे व्यापारी घरांत ही हकिकत फारशा आवडीने सांगितली जात नाही. पण तिच्यातून निघालेला कायदा आज त्याच घरांच्या उपयोगी पडणारा आहे.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खतावरचा आकडा हा अखेरचा शब्द नव्हे, हे त्याचे मर्म. न्यायाधीशाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासावा, धनकोने पावती व वार्षिक हिशेब द्यावा, खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, अशा तरतुदी त्यात होत्या. या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे १८८७ पासून काम पाहू लागले. अर्थशास्त्राच्या या थोर अभ्यासकाने कागदामागचा व्यवहार तपासण्याचे ते काम गावोगाव दौरे करून केले.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर चित्र उलटले आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर आज सही करतो तो दुकानदार. प्रस्तावपत्र इंग्रजीत, अटी बारीक टाइपात, आणि एजंट म्हणतो, ‘शेठ, इथे सही करा.’ कॅश क्रेडिट घेतलेल्या व्यापाऱ्याची स्थिती तर अधिकच विचित्र. मालाचा विमा बँक उतरवते, हप्ता खात्यातून जातो आणि पॉलिसी बँकेच्या फायलीत पडून राहते. गोदाम बदलले तरी पॉलिसीवर पत्ता जुनाच! चाळीस लाखांच्या मालाचा वीस लाखांचाच विमा असेल, तर दहा लाखांच्या नुकसानीला सामान्यतः पाचच लाख मिळतात, हे आग लागल्यावर कळते.

व्यापारी हा ‘ग्राहक’ होऊ शकतो काय, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. विमा कंपन्यांचे म्हणणे असे, की नफ्यासाठी धंदा करणाऱ्याने दिवाणी न्यायालयात जावे. २००२ च्या दंगलीत हरसोलिया मोटर्सचे नुकसान झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १३ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले, की विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, तो नफा मिळविण्याचा व्यवहार नव्हे. म्हणून अशा प्रकरणात व्यापारी संस्थाही ग्राहकच ठरते. त्याआधी, ९ नोव्हेंबर २०२२ च्या टेक्सको मार्केटिंग निकालात तर रानड्यांच्या काळाचीच आठवण होते. दुकान तळघरात आहे हे पाहणी करून जाणणाऱ्या कंपनीने विमा दिला, हप्ते घेतले आणि आग लागल्यावर तळघराला विमा नाही असे कलम पुढे केले. न्यायालयाने ते कलम अन्याय्य ठरविले.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी आयुर्विमा व आरोग्यविम्याची पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याची मुभा दिली आहे. पॉलिसीचा सारांश देणारे माहितीपत्रक मागितल्यास मराठीतही मिळू शकते. मागणारे मात्र थोडे.

शिरूर वा दौंडच्या दुकानदाराला तक्रारीसाठी कंपनीच्या मुख्य कचेरीच्या गावी जाण्याचे कारण नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तो राहतो त्या जिल्ह्यातील आयोगात, म्हणजे पुण्यात, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. विमा लोकपालांचे कार्यालयही पुण्यात आहे. वैयक्तिक पॉलिसी किंवा एकट्याच्या मालकीचे दुकान असेल, तर पन्नास लाखांपर्यंतचा दावा तेथे विनाशुल्क चालतो. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते. त्या पत्राची पोच जपून ठेवावी.