वैद्यकीय तपासणीतील डॉक्टर-रुग्ण संवाद : स्वरूप, अडथळे व उपाय
(विशेष संदर्भ : जुना जालना)

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्रात उपकरणांचे महत्त्व कितीही वाढले असले, तरी रोगनिदानाचा आरंभ आजही रुग्णाच्या कथनापासूनच होतो. हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेने वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद मानले असून, आपला आजार नीट सांगता येणे व निर्भयता हे रुग्णाचे गुण म्हणून नोंदविले आहेत. मात्र रुग्णाला निर्भयपणे बोलता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे बव्हंशी डॉक्टरच्या हाती असते. त्यामुळे संवाद हे केवळ सौजन्य नसून तो निदानाचा व उपचाराचाच एक भाग ठरतो. प्रस्तुत लेखात याच भूमिकेतून जुना जालना परिसराच्या संदर्भात विवेचन केले आहे.

भाषिक पार्श्वभूमी :
कुंडलिका नदीमुळे जालना शहराचे जुना व नवा असे दोन भाग पडतात. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत असल्याने येथील बोलीत मराठवाडी मराठीबरोबर दखनी-उर्दूचाही वावर आहे. पोलाद उद्योगामुळे आलेल्या परप्रांतीय कामगारांच्या हिंदीची त्यात भर पडली आहे. डॉक्टरचे शिक्षण मात्र इंग्रजीतून झालेले असते. परिणामी दोघेही मराठी बोलत असूनही शब्दांचे अर्थ जुळत नाहीत. 'चक्कर येते' या शब्दांत भोवळ, अशक्तपणा किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. 'अंगावरून जाते' असे संकोचाने सांगणाऱ्या स्त्रीला पांढरे जाणे म्हणायचे आहे की रक्तस्राव, हे विचारल्याशिवाय कळत नाही. उलट, तपासणीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला हे ऐकून रुग्णाला ती आनंदाची वार्ता वाटू शकते.

वेळ आणि ऐकणे :
2017 साली प्रसिद्ध झालेल्या 67 देशांच्या आढाव्यात प्राथमिक तपासणीचा सरासरी कालावधी बांगलादेशात 48 सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे आढळला. भारतातील गर्दीचे बाह्यरुग्ण विभाग पाहता हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. तथापि दोष केवळ वेळेचा नाही. बेकमन व फ्रँकेल यांच्या 1984 च्या अमेरिकेतील अभ्यासात 74 भेटींपैकी केवळ 23 टक्के भेटींत रुग्णाला आपले आरंभीचे म्हणणे पूर्ण करता आले. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांतच मध्ये बोलत होते.

आपल्याकडे याला धाकाचीही जोड मिळते. रोजंदारी बुडू नये म्हणून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. अशा रुग्णाला "इतके दिवस काय करत होता?" असे दरडावून विचारल्यास तो पुढच्या वेळी दिवस कमी करून सांगतो. तीन आठवड्यांचा खोकला मग चार दिवसांचा होतो आणि क्षयरोगाची शंका घेण्याची संधी हुकते. हाच प्रश्न "आधी कुठे दाखवले होते का, मावशी?" असा विचारल्यास खरी हकीकत हाती येते.

सूचना व संमती :
क्षयरोगाच्या प्रचलित औषधोपचारास साधारणतः सहा महिने लागतात, परंतु काही आठवड्यांतच रुग्णाला बरे वाटू लागते. 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांतील फरक समजावला नाही, तर गोळ्या मध्येच थांबतात व औषधांना दाद न देणारा क्षयरोग उद्भवू शकतो. तसेच 'जेवणानंतर तीन वेळा' ही सूचना दिवसातून दोनदाच जेवणाऱ्या शेतमजुराला तिसरी गोळी चुकविण्यास भाग पाडते.

संमतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती दिल्यानंतरची संमतीच ग्राह्य होय. निदानापुरती दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. या कसोटीवर, न वाचता उमटविलेला अंगठा ही संमती ठरू शकत नाही.

उपाय :
वैद्यकीय अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती व संवाद या घटकाचा समावेश झाला आहे. 2024 मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या शिक्षणाला स्थानिक बोलीची जोड देणे शक्य आहे. पुढील बाबी विशेष खर्चाशिवाय अमलात येऊ शकतात :
1) आरंभी रुग्णाला न अडविता बोलू देणे.
2) "समजले का?" असे न विचारता "घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, ते सांगा" असे विचारणे.
3) औषधाची वेळ रुग्णाच्या दिनक्रमाशी जोडणे.
4) नातेवाइकांशी बोलताना रुग्णाला वगळून न बोलणे.

समारोप :
डॉक्टर व रुग्ण यांच्यातील अंतर हे ज्ञानाचे आहे तसेच भाषेचेही आहे. पहिले अंतर डॉक्टरने भरून काढावयाचे असले, तरी दुसरे मिटविण्यात महाविद्यालयांचा वाटा असू शकतो. मराठी, हिंदी व उर्दू विभागांनी परिसरातील दुखण्यांचे बोलीशब्द संकलित करून ते वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास, तो भाषाभ्यास रुग्णाच्या थेट उपयोगी पडेल.