माहिती अधिकारात नेमका कागद मागताना

सरकारी दप्तरातला कागद पाहण्याचा हक्क नागरिकाला देणारा माहितीचा अधिकार अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 रोजी पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात त्याआधी 2002चा राज्याचा कायदा होता, त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. गोव्याने तर 1997मध्येच असा कायदा केला होता.

राज्य शासनाच्या कार्यालयात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्यावर 10 रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावले की पुरते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे हे त्या कार्यालयाचेच काम आहे.

बहुतेक अर्ज फसतात ते मजकुरात. ‘रस्ता वर्षभरात का उखडला?’ असे विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर हमखास येते. कायद्याने मिळतो तो कार्यालयात असलेला अभिलेख. नव्याने खुलासा लिहून मिळत नाही. म्हणून त्या रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिका मागावी. कामाची लांबी, रुंदी, थराची जाडी तिच्यात अभियंत्याच्या सहीने नोंदलेली असते आणि ठेकेदाराचे बिल त्याच नोंदींवर निघते. रस्त्यावर प्रत्यक्ष दिसणारी जाडी या आकड्यांशी ताडून पाहिली की पुष्कळ उलगडा होतो. वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याची सोयही या कायद्यात आहे, तिचा उपयोग मात्र फार थोडे लोक करतात.

माहिती 30 दिवसांत मिळायला हवी. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. देशाची सुरक्षा, चालू तपास, वैयक्तिक माहिती अशा कारणांनी नकार देता येतो, पण तो कलमासह लेखी द्यावा लागतो. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते, आणि गप्प बसणे हाही कायद्याने नकारच ठरतो. त्याविरुद्ध 30 दिवसांत प्रथम अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे आणि तिथेही दाद न मिळाल्यास 90 दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येते. विनाकारण अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो.

माहिती देण्याच्या मुदतीचा हिशेब अर्ज पोहोचल्याच्या तारखेपासून लागतो. त्यामुळे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.