आईची औषधं आणि ८०डी

आधी एक गोष्ट तपासून घ्या. आयकर कायद्याच्या ८०डी कलमाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आपण काही कळवलं नाही तर आपल्याला नव्या प्रणालीत धरलं जातं आणि २०२५-२६ पासून तिथे १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर करच नाही. त्यामुळे पुढचा हिशेब त्यांच्यासाठी आहे, ज्यांना घरभाडं, गृहकर्जाचं व्याज वगैरे धरून जुनी प्रणालीच परवडते.

स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आई-वडिलांसाठी आणखी २५,०००. ज्या गटात साठ किंवा त्याहून अधिक वयाचं कोणी असेल, त्या गटाची मर्यादा ५०,०००. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. सासू-सासऱ्यांचा हप्ता मात्र सुनेला किंवा जावयाला दाखवता येत नाही. तो त्यांच्या मुलाने वा मुलीने स्वतःच्या खात्यातून भरावा. दोन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल, तर वजावट दोन्ही वर्षांत समान विभागून घ्यायची.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. सुटतं ते पुढचं, आणि ते सुटू नये असं मला मनापासून वाटतं. कितीतरी घरांत आई-वडिलांचा विमाच नसतो. साठीनंतर मधुमेह, रक्तदाब लागलेला असला की पॉलिसी एकतर मिळत नाही, नाहीतर हप्ता झेपत नाही. अशा विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च याच ५०,००० च्या मर्यादेत दाखवता येतो.

समजा, आई ६८ वर्षांची आहे आणि तिचा विमा नाही. औषधांना महिन्याला २,८०० म्हणजे वर्षाला ३३,६०० रुपये. डॉक्टरांची फी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या धरल्या की ५०,००० सहज होतात. मुलाचं उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर सेससह १५,६०० रुपये कर वाचतो. वडिलांची पॉलिसी आहे, आईची नाही, असं असेल तरी वडिलांचा हप्ता आणि आईचा खर्च मिळून ५०,००० पर्यंत धरता येतो.

घोडं अडतं ते रोखीपाशी. हप्ता असो वा औषधं, रोखीने दिलेला पैसा वजावटीत धरत नाहीत. अपवाद एकच: प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणी. ती रोखीनेही चालते, पण तिचे जास्तीत जास्त ५,००० वरच्या मर्यादेतच मोजतात. म्हणून औषधवाल्याला यूपीआयने किंवा कार्डाने पैसे द्या, बिलावर आईचं नाव लिहून घ्या आणि सगळी बिलं एका फायलीत लावत जा. विवरणपत्रासोबत ती जोडायची नसतात, पण खात्याने विचारणा केली तर हाताशी हवीत.

कॅन्सर, मूत्रपिंड निकामी होणं यांसारख्या ठरावीक आजारांसाठी ८०डीडीबी हे वेगळं कलम आहे: ४०,००० पर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असल्यास १,००,००० पर्यंत. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते.

ऑफिसात जानेवारीत पुरावे द्यायचे राहिले, तरी विवरणपत्रात ही वजावट मागता येते. मात्र पगारदाराने ते मुदतीतच भरायला हवं. मुदत टळली की जुनी प्रणाली निवडता येत नाही, आणि मग फायलीतली बिलं त्या वर्षापुरती काही कामाची राहत नाहीत.